ऋतू कधी सुरू झाला, हे मुंबईत कसे ठरवावे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत कोणता ऋतू असतो, या प्रश्नाची एकाच दिवसात चार उत्तरे मिळतात. पंचांग बहुतेक वेळा शरद ऋतू सांगते. मुलांच्या भूगोलाप्रमाणे हिवाळा लागलेला असतो, कारण तेथे ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने हिवाळ्याचे धरण्याची रीत आहे. हवामान खाते त्याच दिवसांना मान्सूनोत्तर काळ म्हणते, आणि भर दुपारी दादरच्या पुलावरून घाम पुसत उतरणारा माणूस त्यांना सरळ उन्हाळा म्हणतो. यांपैकी कोणाचेही चुकलेले नाही. पंचांगाने चंद्राचे महिने मोजले आहेत, भूगोलाने वर्षाचे सोयीस्कर तीन भाग केले आहेत, हवामान खात्याने वारा आणि पाऊस पाहिला आहे, आणि पुलावरच्या माणसाने स्वतःच्या अंगाला जाणवलेली हवा सांगितली आहे.

म्हणून ऋतूची सुरुवात ठरवायला बसताना पहिली गोष्ट एवढीच करावी, की आपण कोणते माप वापरणार आहोत हे आधी कागदावर लिहावे. ते न लिहिता केलेली चर्चा कितीही वेळ चालली तरी तिचा निकाल लागत नाही, हे मी शाळेच्या वर्गातही पाहिले आहे आणि घरच्या जेवणाच्या पंगतीतही. पुढे प्रत्येक माप मुंबईत राहून स्वतः कसे ताडून पाहावे, ते सांगितले आहे.

गच्चीवरची काठी

सर्वांत जुने आणि सर्वांत पक्के माप सूर्याचे आहे. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो अवकाशात जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि सहा महिने दक्षिण गोलार्ध. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, ही समजूत अनेक शिकलेल्या माणसांच्याही मनात घर करून असते. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सर्वांत दूर जुलैच्या पहिल्या आठवड्यात. या अंतराचा परिणाम दिसतो तो ऋतूंच्या लांबीवर. मार्चमधल्या वसंतसंपातापासून (तेव्हा दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असतात) जूनमधल्या दक्षिणायनारंभापर्यंत, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे वळू लागेपर्यंत, जवळजवळ ९३ दिवस जातात, तर डिसेंबरमधल्या उत्तरायणारंभापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंत ८९ दिवसच, कारण सूर्याजवळून जाताना पृथ्वीचा वेग वाढलेला असतो.

हे कलणे इमारतीच्या गच्चीवर मोजता येते. रंगाचा रिकामा डबा वाळूने गच्च भरावा, त्यात सरळ काठी रोवावी आणि काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा लहान तुकडा आडवा चिकटवून त्याला खिळ्याने एक भोक पाडावे. हे भोक गच्चीच्या फरशीपासून बरोबर १ मीटर उंचीवर यायला हवे. भोकातून ओळंबा सोडून तो फरशीवर टेकतो तेथे खूण करावी. सगळी मोजमापे याच खुणेपासून घ्यायची आहेत. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा पाणसळ लावून त्यातल्या त्यात सपाट जागा निवडावी. नुसत्या काठीच्या सावलीवर भागवू नये. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीचे टोक पुसट होते आणि एक-दीड सेंटीमीटरचा घोळ सहज होतो. भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मात्र नीट पकडता येतो.

मुंबईचा सूर्यमाध्यान्ह, म्हणजे सूर्य दिवसातला सर्वांत उंच असण्याचा क्षण, घड्याळात बारा वाजता होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे आहे, म्हणून येथे सूर्य सुमारे ३९ मिनिटे उशिरा मध्यावर येतो. त्यात ऋतूप्रमाणे आणखी थोडी कमी-जास्त भर पडते. सोपा उपाय असा, की सव्वाबारापासून एक वाजून पाच मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी उजेडाच्या ठिपक्यावर खडूने खूण करावी. ओळंब्याच्या खुणेला सर्वांत जवळची खूण ही माध्यान्हाची, आणि त्या दोन खुणांना जोडणारी रेघ ही खरी उत्तर-दक्षिण रेघ. ती एकदा रंगाने काढून ठेवली की वर्षभर उपयोगी पडते.

आता आकडे. १ मीटर उंचीच्या भोकाचा ठिपका मुंबईत उत्तरायणारंभाला, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरला, उत्तरेकडे सुमारे ९१ सेंटीमीटरवर पडतो. संपाताच्या दिवशी, म्हणजे २० किंवा २१ मार्चला आणि २२ किंवा २३ सप्टेंबरला, तो साडेचौतीस सेंटीमीटरच्या आसपास असतो. १५ मेच्या सुमारास तो ओळंब्याच्या खुणेवर येऊन बसतो, कारण त्या दिवशी सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर असतो. यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्यानंतर ठिपका खूण ओलांडून दक्षिणेकडे जातो आणि २१ जूनला दक्षिणेकडे सात-आठ सेंटीमीटरवर थांबून परत फिरतो. दुसरा शून्य सावलीचा दिवस २७ जुलैच्या सुमारास येतो, परंतु तेव्हा ढगांमुळे तो दिसण्याचे भाग्य क्वचितच लाभते. ज्यांच्या घराला उत्तरेकडे खिडकी आहे, त्यांनी मेच्या उत्तरार्धात भर दुपारी खिडकीच्या चौकटीवर पडणारी उन्हाची बारीक तिरीप पाहावी. डिसेंबरात त्या खिडकीत ऊन शिरतही नाही.

संपात पकडणे सोपे आहे, कारण त्या दिवसांत ठिपका रोज पाऊण सेंटीमीटर सरकतो. शिवाय संपाताच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत केलेल्या खुणा एका सरळ पूर्व-पश्चिम रेघेत येतात. इतर दिवशी त्यांची कमान होते. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा सकाळी नऊपासून केलेल्या खुणांवर लांब फूटपट्टी ठेवली, आणि एकही खूण पट्टीच्या बाहेर गेली नाही. पुस्तकात शंभर वेळा वाचलेली गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली, असे म्हणायला हरकत नाही.

अयनदिन, म्हणजे सूर्य जेथून मागे वळतो तो दिवस, पकडणे मात्र अवघड आहे. २१ डिसेंबरच्या आगेमागे आठवडाभरात ठिपका जेमतेम अर्धा सेंटीमीटर हलतो, त्यामुळे ‘आजच सर्वांत लांब’ असे एका दिवसाच्या मोजणीवरून सांगता येत नाही. येथे जुन्या ज्योतिषांची युक्ती वापरावी. १ डिसेंबरला अंतर मोजून ठेवावे, ते साडेशह्याऐंशी सेंटीमीटरच्या जवळपास येईल. मग जानेवारीत तेवढेच अंतर पुन्हा कोणत्या दिवशी येते ते पाहावे. ते १० किंवा ११ जानेवारीला येते, आणि या दोन तारखांच्या मधला दिवस हा उत्तरायणारंभ.

ज्यांना गच्ची मिळत नाही, त्यांनी जुहूच्या किनाऱ्यावर एकाच जागी उभे राहून मावळता सूर्य पाहावा. जून आणि डिसेंबर यांच्या दरम्यान सूर्यास्ताची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते, म्हणजे पाच मुठींची ही वाटचाल आहे.

पंचांगातला ऋतू

पंचांगात सहा ऋतू येतात, आणि प्रत्येकाला दोन महिने दिलेले असतात. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर. ही यादी आपल्याला पाठ असते; ती वापरताना जी काळजी घ्यावी लागते, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही.

चैत्र, वैशाख हे महिने चंद्राचे आहेत. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. ही तूट साठत जाते आणि साधारण अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून ती भरून काढली जाते. त्यामुळे वसंताचा म्हणून जो पहिला दिवस, तो गुढीपाडवा, तारखेच्या हिशेबाने एका जागी राहत नाही. २०२३ साली तो २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला. चार वर्षांत तीन आठवड्यांचा फरक पडला. म्हणून ‘पाडव्याला वसंत सुरू झाला’ हे विधान धर्मकृत्यांच्या संदर्भात पूर्ण बरोबर आहे, पण त्यावरून हवेविषयी किंवा झाडांविषयी अनुमान काढू नये. अधिक मास आला, तर त्या वर्षी एक ऋतू दोनऐवजी तीन महिन्यांचा होतो हेही ध्यानात ठेवावे. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून पंचांगातला वर्षा ऋतू तीन महिन्यांचा झाला.

आपल्या परंपरेत ऋतूंशी घट्ट बांधलेल्या महिन्यांची वेगळी नावेही आहेत. मधु-माधव हे वसंताचे, शुक्र-शुची ग्रीष्माचे, नभ-नभस्य वर्षेचे, इष-ऊर्ज शरदाचे, सह-सहस्य हेमंताचे आणि तप-तपस्य शिशिराचे. वैदिक वाङ्मयात कोठे हेमंत-शिशिर एकत्र धरून पाचच ऋतू मानले आहेत, तर आयुर्वेदात शोधनकर्मासाठी, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांसाठी, शिशिर वगळून वर्षेच्या आधी ‘प्रावृट्’ नावाचा ऋतू घेतला आहे. ज्या कामासाठी वर्षाचे भाग पाडायचे, त्या कामाला शोभतील असे ते पाडावेत, ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला आठवडा यांना ऋतुसंधी म्हणून वेगळे नाव आयुर्वेदाने दिले, हे मला विशेष सूज्ञपणाचे वाटते, कारण निसर्गात एका रात्रीत काहीच बदलत नाही.

मकरसंक्रांतीविषयी एक दुरुस्ती करून घ्यावी. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो, आणि गच्चीवरची काठी सांगते की ते डिसेंबरातच सुरू झाले. दोन्हींतला फरक संपातबिंदूच्या, म्हणजे संपाताच्या वेळी सूर्य ताऱ्यांमध्ये जेथे असतो त्या जागेच्या, मागे सरकण्यामुळे पडला आहे. हा बिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे जातो, आणि नक्षत्रांवर आधारलेले निरयन राशिचक्र व संपातावर आधारलेले सायन राशिचक्र यांच्यात आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. संक्रांत आपण नक्षत्रांच्या हिशेबाने धरतो, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. तिळगूळ त्याच दिवशी वाटावा. पण मुलांना सूर्य उत्तरेकडे कधी वळतो हे शिकवताना डिसेंबरची तारीख सांगावी. भारताने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत ही गफलत टाळलेली आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून ती तयार झाली, आणि तिचा १ चैत्र नेहमी २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला, म्हणजे वसंतसंपाताला लागूनच येतो. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रात ती भेटते. घरात ती रुजली नाही याचे मला वाईट वाटते.

शेतकऱ्याने पावसाचा हिशेब श्रावण-भाद्रपदावर न ठेवता नक्षत्रांवर का ठेवला, हेही येथे स्पष्ट होते. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. सूर्य त्या त्या नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो, म्हणून मृग दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. त्याला अधिक मासाचा धक्का बसत नाही. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा, आणि ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण ऑक्टोबरच्या अखेरीच्या पावसाची. चंद्राच्या महिन्यांत सण आणि सूर्याच्या नक्षत्रांत शेती, अशी दोन मापे आपल्या आजोबांनी एकाच पंचांगात शेजारीशेजारी छापलेली वाचली आणि कधी गोंधळ होऊ दिला नाही.

मान्सून आला, हे कोण ठरवते

मुंबईकराला सर्वांत निकडीचा प्रश्न हाच असतो. भारतीय हवामान खाते वर्षाचे चार भाग करते: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. हे भाग आकडेवारीच्या सोयीसाठी पूर्ण महिन्यांचे केलेले आहेत. त्यामुळे मेअखेर पडलेला पाऊस खऱ्या मोसमी वाऱ्यांचा असला, तरी तो मान्सूनपूर्व खात्यात जमा होतो. २०२५ साली हे ठळकपणे दिसले: मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले.

मोसमी वाऱ्यांचे प्रत्यक्ष आगमन ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि ती तारखेवर न ठरता लक्षणांवर ठरते. केरळातल्या आगमनासाठी नेमून दिलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर १० मेनंतर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस व्हावा लागतो; शिवाय पश्चिमेकडचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगाने वाहत असले पाहिजेत, आणि ढगांचे आच्छादन दाट असल्याचे उपग्रहाच्या मोजणीतून दिसले पाहिजे. त्यानंतर वारे उत्तरेकडे सरकतात, तसतशी खाते नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा दाखवणारी रेघ पुढे नेते. ती रेघ मुंबईच्या वर गेली, की आपल्याकडे पावसाळा सुरू झाला असे समजावे.

मुंबईची सर्वसाधारण तारीख आज ११ जून धरली जाते, आणि वारे परत फिरण्याची ८ ऑक्टोबर. या तारखा २०२० साली सुधारल्या. त्याआधी त्या १० जून आणि २९ सप्टेंबर अशा होत्या. आगमन जवळजवळ तेथेच राहिले, पण परतीचा पाऊस नऊ दिवसांनी लांबला, म्हणजे मुंबईचा अधिकृत पावसाळा आठ दिवसांनी वाढला. अर्थात सर्वसाधारण तारीख म्हणजे आश्वासन नसते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मुंबईने २५ जूनपर्यंत वाट पाहिली.

घरी बसून वळवाचा पाऊस आणि मोसमी पाऊस यांतला फरक असा ओळखावा. वळीव बहुधा दुपारनंतर येतो, पूर्वेकडून, ठाण्याच्या डोंगरांवरून ढग चढतात, आधी धुळीचा वारा सुटतो, गडगडाट होतो आणि तासाभरात आकाश मोकळे होते. मोसमी पाऊस समुद्राकडून येतो. त्याला दिवस-रात्रीचे बंधन नसते, वारा नैर्ऋत्येकडून सतत वाहत राहतो, आणि रात्रीचे तापमान जे खाली येते ते दुसऱ्या दिवशीही खालीच राहते. चार दिवस वाऱ्याची दिशा न बदलली, तर सीमारेषेचा नकाशा उघडून पाहावा.

पावसाचे आकडे वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे काल दुपारी पडलेला पाऊस आजच्या नोंदीत दिसतो. दुसरे म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळा एकाच शहरात असल्या, तरी त्या एकच हवा मोजत नाहीत. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला केवळ ७३ ते ७४. म्हणून नोंद करताना ‘मुंबईत’ एवढेच न लिहिता केंद्राचे नाव लिहावे.

आपल्या दारातला ऋतू

मुंबईचा उन्हाळा वर्षातून दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा त्याचा संबंध समुद्राशी आहे. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेकडचे वारे जोरात असले, की समुद्रावरचे खारे वारे दुपार उलटेपर्यंत शहरात शिरू शकत नाहीत आणि पारा चाळिशीपर्यंत चढतो. मे महिन्यात खारे वारे लवकर सुटतात, म्हणून तापमान तेवढे वाढत नाही, पण दमटपणा असह्य होतो. ऑक्टोबरात पावसाळी वारे मंदावतात, आकाश निरभ्र होते आणि भिजलेल्या जमिनीतली वाफ हवेत मिसळते. तेव्हा स्वतःपुरता उन्हाळा ठरवायचा असेल, तर खारे वारे किती वाजता सुटले याची रोज नोंद ठेवावी. गॅलरीत वाळत घातलेला कपडा कोणत्या बाजूला फुगतो, एवढे पाहिले तरी पुरते.

झाडांचे माप याहून सावकाश चालते. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरते, पाठोपाठ पांगारा फुलतो, पिंपळाला तांबूस कोवळी पाने येतात. शिशिराची पानगळ आणि वसंताची पालवी मुंबईत अशी एकमेकांत मिसळलेली असते. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, मग गुलमोहर. मात्र एकच झाड निवडावे आणि दर वर्षी तेच पाहावे. शेजारच्या रस्त्यावरचे झाड आधी फुलले, तर ते वेगळ्या वहीत जावे.

किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत पावसाळ्याला दोन कडा आहेत. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, ही कायद्याची कड. आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटायच्या, ही रीतीची. महापालिकेचे वर्ष आणखी वेगळ्या दिवशी उलटते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांत १ ऑक्टोबरला किती साठा आहे, यावर पुढच्या पावसापर्यंत नळाला पाणी किती येणार हे ठरते.

नोंदवहीत प्रत्येक ओळीला चार रकाने करावेत: तारीख, जागा, माप आणि प्रत्यक्ष काय पाहिले. ‘पावसाळा संपला’ असे कधीही लिहू नये. ‘८ ऑक्टोबर, मुलुंड, वारा: सकाळी पूर्वेकडून, पाच दिवस पाऊस नाही, दुपारी दोनला खारे वारे’ असे लिहावे. पहिली ओळ कोणत्याही महिन्यात लिहिता येते, पण काठी मात्र सप्टेंबरच्या संपाताआधी गच्चीवर नेऊन ठेवावी, म्हणजे ढगांतून एखादी उघडीप मिळाली की खडू हाताशी असेल.